चौदाव्या मजल्यावरची बेगमी

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. घरात मी, यजमान, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुले आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई अशी पाच माणसे आहेत. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. गेल्या जुलैत आमच्या संकुलाच्या तळघरात, जिथे विजेचे मीटर आहेत तिथे, पावसाचे पाणी शिरले आणि दीड दिवस वीज आली नाही. पंप बंद, म्हणून पाणी नाही. लिफ्ट बंद, म्हणून सासूबाईंना खाली नेणे अशक्य. घरात शेव, बिस्किटे आणि नूडल्सची पाकिटे एवढेच लगेच खाण्यासारखे होते. तेव्हापासून यजमानांनी परदेशी व्हिडिओ पाहून पंचवीस वर्षे टिकणाऱ्या सीलबंद अन्नाची बादली मागवायचे मनावर घेतले आहे. सासूबाई म्हणतात, पूर्वीसारखे वर्षाचे धान्य भरा आणि बोरिक पावडर लावून ठेवा. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण तिसरी सुचतही नाही. पौष्टिक असेल, टिकेल आणि आमच्या लहान स्वयंपाकघरात मावेल असे काय ठेवावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा वाचले: पंप बंद, म्हणून पाणी नाही. उंच इमारतीत वीज गेली की काही तासांत गच्चीवरची टाकी रिकामी होते, टाकी रिकामी झाली की डाळ शिजवता येत नाही, आणि शिजवलीच तरी कुकर घासता येत नाही. म्हणून आपल्या घरासाठी साठवणीचे अन्न निवडताना त्यात प्रथिने किती आणि जीवनसत्त्वे किती हे विचारण्याआधी ते खाण्यायोग्य करायला पाणी किती आणि गॅस किती लागेल हे विचारावे लागते. सासूबाईंचे वर्षाचे धान्य आणि यजमानांची बादली, दोन्ही या पहिल्याच प्रश्नापाशी अडतात. धान्य शिजवावे लागते. बादलीतील बहुतेक पदार्थही सुकवलेले असल्यामुळे त्यांना उकळते पाणी लागते, आणि नेमके तेच त्या दीड दिवसात आपल्याकडे नव्हते.

आपल्या भागात प्रत्यक्षात काय घडू शकते, याचा अंदाज गेल्या वीस वर्षांवरून बांधता येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाणे परिसरात रस्ते, लोकल आणि वीज एकाच वेळी बंद पडली. घरातली माणसे घरात आणि बाहेरची बाहेर अडकली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. आकाश निरभ्र असतानाही असे होऊ शकते, हे त्या दिवशी समजले. त्याच वर्षी टाळेबंदीत वीज आणि पाणी होते, पण पुरवठ्याची साखळी विस्कळीत झाली, आणि मे महिन्यात वाशीची बाजार समिती काही दिवस बंद ठेवावी लागली. पहिल्या दोन प्रसंगांत चूल पेटण्याची खात्री नव्हती. तिसऱ्यात चूल पेटत होती, दुकानात जाणे अवघड होते. यावरून माझा सल्ला असा की, आपण दोन वेगवेगळे साठे ठेवावेत: तीन दिवस पुरेल असा चुलीशिवाय खाता येणारा, आणि दोन आठवडे पुरेल असा शिजवून खायचा. त्याहून मोठ्या साठ्याची ठाण्यातील घराला गरज नाही, असे माझे मत आहे. जागा अडते, आणि न लागलेले धान्य शेवटी किड्यांच्या वाट्याला जाते.

आधी पाणी. पिण्यासाठी आणि अगदी जुजबी स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरले तर पाच माणसांचे तीन दिवसांचे साठ लिटर होते, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. ते पलंगाखाली किंवा बाल्कनीच्या सावलीत राहतात. नळाचे पाणी स्वच्छ, घट्ट झाकणाच्या भांड्यात भरून ठेवावे, महिन्याने ते झाडांना घालून नवे भरावे, आणि पिण्यापूर्वी शंका वाटल्यास खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू द्यावे. संडासासाठीचे पाणी वेगळ्या पिंपात ठेवावे. दोन्हींवर झाकण हवेच, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतात.

आता तीन दिवसांच्या साठ्याकडे वळू. शेव, नूडल्स आणि बिस्किटे यांना मी नावे ठेवते ती केवळ चवीच्या हट्टापायी नव्हे. फरसाण आणि नूडल्सच्या मसाल्यात मीठ भरपूर असते, मीठ खाल्ले की तहान लागते, आणि पाणी मोजून प्यायच्या दिवशी तहान वाढवणारे अन्न घरात असणे हा उलटा व्यवहार आहे. बिस्किटांत मैदा, साखर आणि स्निग्धांश असतो, प्रथिने जेमतेम. मुलांचे पोट तासाभरासाठी भरते आणि ती पुन्हा किरकिर करतात. त्याऐवजी आपल्याच वाण्याकडे मिळणाऱ्या पदार्थांकडे पाहावे. फुटाणे आणि डाळे यांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, भाजलेल्या शेंगदाण्यांत त्याहून थोडी अधिक, आणि हे तिन्ही पदार्थ डब्यातून काढून तोंडात टाकता येतात. पातळ पोहे नुसते पाण्याचा हबका मारून मऊ होतात. त्यांत डाळे, दाण्याचे कूट, चिमूटभर साखर आणि कोकमाचे आगळ किंवा लिंबाचे लोणचे कालवले की चूल न पेटवता धान्य आणि कडधान्य एकत्र पोटात जाते. हा संयोग महत्त्वाचा आहे, कारण तांदूळ-गव्हाच्या प्रथिनात जे आवश्यक घटक कमी पडतात ते डाळींमधून भरून निघतात. आपला वरणभात याच हिशेबावर उभा आहे.

याच कप्प्यात सातूचे पीठ असावे, असा माझा आग्रह आहे. भाजलेले गहू आणि डाळे दळून केलेले हे पीठ आज पुष्कळ घरांतून हद्दपार झाले आहे, पण आणीबाणीच्या दृष्टीने त्याच्याइतके सोयीचे काही सापडणे कठीण. भाजल्यामुळे ते आधीच शिजल्यासारखे असते, त्यात ओलावा कमी असल्यामुळे साध्या कणकेपेक्षा ते सावकाश बिघडते, आणि गूळ-पाणी किंवा ताकात कालवले की मूल असो वा म्हातारे माणूस, चावण्याचा त्रास न होता खाते. मेतकूट हे त्याचेच तिखट भावंड. दह्यात किंवा भातावर थोडे घातले तरी चव आणि डाळींचे प्रथिन दोन्ही येते. यांच्या जोडीला खजूर, शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, आणि दुधासाठी दीर्घकाळ टिकणारे खोक्यातील दूध ठेवावे. हे दूध न उघडता बाहेरच्या तापमानाला काही महिने राहते, मात्र उघडल्यावर साध्या दुधासारखेच नासते, म्हणून एक लिटरच्या मोठ्या खोक्यापेक्षा दोनशे मिलिलिटरची लहान खोकी घ्यावीत. फ्रिज बंद असताना हा फरक कामाला येतो.

तयार वरण, राजमा किंवा पुलाव यांची जाड पाकिटे मिळतात, त्यांचे काय, हा प्रश्न आपण विचारला नसला तरी येणारच. पाकिटात भरून उच्च तापमानाला निर्जंतुक केलेले हे अन्न फ्रिजशिवाय वर्षभरापर्यंत टिकते. सैन्यासाठी अशा अन्नावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने मोठे काम केलेले आहे. ते थंडही खाता येते आणि त्यासाठी वेगळे पाणी लागत नाही. महाग आहे आणि मीठ जास्त आहे, या दोन कारणांमुळे मी पाचसहा पाकिटांच्या पुढे जाणार नाही. पाकीट किंवा डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीपाशी चेपलेला दिसला तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत न पडता तो टाकून द्यावा.

दुसरा साठा, म्हणजे दोन आठवड्यांचा, हा खरे तर आपल्या रोजच्या डब्यांचाच विस्तार आहे, आणि इथे थोडा हिशेब करणे भाग आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एका प्रौढासाठी दिवसाला तीनशे ग्रॅम धान्य, ऐंशी ग्रॅम डाळ, तीस ग्रॅम शेंगदाणे, तीस ग्रॅम तेल, तीस ग्रॅम गूळ किंवा साखर आणि तीस ग्रॅम दूध पावडर धरली, तर साधारण दोन हजार कॅलरी आणि पन्नास-साठ ग्रॅम प्रथिने मिळतात. मुले आणि सासूबाई यांचे खाणे लक्षात घेता आपले कुटुंब चार प्रौढांइतके धरावे. मग चौदा दिवसांचा आकडा असा निघतो: सतरा किलो धान्य, साडेचार किलो डाळी-कडधान्ये, आणि शेंगदाणे, गूळ, दूध पावडर यांचे प्रत्येकी पावणेदोन किलो, तेलही दोन लिटरच्या आत.

हे आकडे पाहिल्यावर आपल्या ध्यानात येईल की, तांदूळ आणि कणीक मिळून सतरा किलो धान्य महिन्याच्या वाणसामानानंतर आपल्या घरात बहुधा असतेच. कमी पडते ती डाळ, दाणे आणि दूध पावडर, म्हणजे नेमके प्रथिनांचे पदार्थ. पोती भरण्याच्या जुन्या रीतीत आणि बादल्या विकण्याच्या नव्या रीतीत हीच एक उणीव सारखी आहे: दोन्हीकडे पिष्टमय पदार्थांचा भरणा असतो. सासूबाईंना आणखी एक पोते तांदूळ घ्यायचा असेल तर त्याऐवजी त्याच पैशांत डाळी घेऊ या, असे त्यांना सुचवून पाहावे.

डाळींत निवड करताना शिजण्याचा वेळ पाहावा. मूगडाळ आणि मसूरडाळ न भिजवता कुकरमध्ये लवकर शिजतात. राजमा, छोले आणि अख्खे हरभरे यांना रात्रभर भिजवण्याचे पाणी आणि मग बराच गॅस लागतो. शिवाय उष्ण, दमट हवेत फार दिवस राहिलेली कडधान्ये आतून बदलतात आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी मऊ होत नाहीत. जुना राजमा कडकच राहिल्याचा अनुभव आपल्यालाही असेल. कोकणातील माणसाला सांगायला नको, पण कुळथाची पिठी हा या बाबतीत हुकमी एक्का आहे. कढईत थोडे तेल, लसूण, मिरची, कोकम आणि दोन वाट्या पाणी. त्यात चार चमचे पिठी गुठळ्या न होऊ देता सोडली की दहा मिनिटांत चार जणांचे पिठले तयार होते आणि घासायला एकच भांडे पडते. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन असते, त्या हलक्या असतात आणि टिकतातही. मुलांना चव आवडत नसेल तर भिजवून, पिळून, बारीक करून पुलावात मिसळाव्यात. आपण मांसाहारी असाल तर आगोटीला घेतलेली सुकट आणि सुके बोंबील यांना तोड नाही. मासेमारी बंद असतानाच्या महिन्यांसाठी कोळीवाड्यांनी ही व्यवस्था पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे. फक्त सुकी मासळी कडकडीत वाळलेली हवी, आणि रक्तदाबामुळे सासूबाईंच्या ताटात खारवलेली मासळी शक्यतो नको.

जीवनसत्त्वांची काळजी दोन आठवड्यांसाठी फार करू नये. क जीवनसत्त्वाच्या अभावाची लक्षणे दिसायला एक ते तीन महिने जावे लागतात. तरीही रोजच्या जेवणात ताजेपणा हवा म्हणून लिंबे, कांदे, बटाटे आणि लाल भोपळा यांचा साठा थोडा वाढवून ठेवावा; अख्खा भोपळा हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे राहतो आणि त्यातून अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक मिळतो. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी सुरळीत असेल तेव्हा मुगाला मोड आणावेत, त्यामुळे कोरड्या कडधान्यात नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. मात्र पुराच्या दिवसांत पाण्याची खात्री नसताना कच्चे मोड खाऊ नयेत, वाफवूनच खावेत.

आता पंचवीस वर्षांच्या दाव्याबद्दल. तो सरसकट खोटा नाही. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ किंवा अख्खे गहू पुरेसे कोरडे करून, प्राणवायू काढून टाकलेल्या डब्यात, थंड जागी ठेवले तर दशके टिकतात हे खरे आहे. पण ती थंड जागा म्हणजे परदेशातील घराचे कोरडे तळघर. ठाण्यात मे महिन्यात स्वयंपाकघराचे तापमान पस्तीसच्या घरात जाते, जुलैत हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की अन्न बिघडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय बादलीवर 'इतकी वाढणी' असे ठळक लिहिलेले असते, ते वाचून फसू नये. कॅलरी आणि प्रथिने किती हे बारीक अक्षरांत शोधावे. साखरेच्या सरबताचा पेलाही त्यात एक वाढणी म्हणून मोजलेला आढळतो.

आपल्या हवेत कोणता जिन्नस किती टिकेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्यातील तेल आणि त्यातील ओलावा. तेल असलेली वस्तू खवट होते, ओलावा असलेली बुरसते. हातसडीचा तांदूळ पौष्टिक खरा, पण त्याच्या कोंड्यात तेल असल्यामुळे तो पांढऱ्या तांदळाच्या तुलनेत फार लवकर वास मारू लागतो. म्हणून रोजच्या खाण्यात हातसडीचा आणि साठवणीत साधा, अशी वाटणी करावी. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू होते, ते साठवणीत धरूच नये, ज्वारी-बाजरी अख्खीच ठेवावी. पण वीज नसताना घरची चक्की चालणार नाही आणि गिरणीही बंद असेल, हे लक्षात घेऊन थोडी कणीक आणि थालिपिठाची भाजणी तयार असू द्यावी. भाजणी भाजलेली असल्याने दोनतीन महिने चांगली राहते. दूध पावडरमध्ये साय काढलेली पावडर अधिक टिकते, कारण पुन्हा तेच, स्निग्धांश कमी. तेलाची बाटली गॅसच्या शेगडीशेजारी उजेडात ठेवायची आपल्याकडे सवय आहे. साठ्यातील तेल तरी अंधाऱ्या कपाटात असावे.

शेंगदाण्यांबाबत मी विशेष कडक आहे. दमट हवेत त्यांच्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते यकृताला घातक असते आणि घरगुती भाजण्या-शिजवण्याने पुरते नष्ट होत नाही. म्हणून दाणे एका वेळी दोन किलोंहून अधिक घेऊ नयेत, घेतल्यावर ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट आणि बुरशीचा ठिपका असलेले दाणे वेचून टाकावेत, आणि खाताना एखादा कडू लागला तर गिळू नये. चांगले दाणे भाजून, पूर्ण गार करून बरणीत भरावेत. गरम असतानाच झाकण लावले तर आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात आणि सगळी मेहनत त्या थेंबांत वाया जाते.

बोरिक पावडरबद्दल सासूबाईंशी थोडे हळुवार बोलावे लागेल, कारण त्यांच्या पिढीतील बहुतेक घरांत ती वापरली गेली आहे. पण ती अन्नात चालणारी वस्तू नाही. धुतल्यावर जाते या भरवशावर लहान मुलांच्या घरात तिचा धोका पत्करण्याचे कारण नाही. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद घरात माणसांचा जीव घेतो. गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायची ती वस्तू आहे. कोणी कितीही आपुलकीने आणून दिली तरी घरात येऊ देऊ नये. त्याऐवजी तांदूळ आणि डाळी मे महिन्याच्या उन्हात वाळवून, गार करून, कोरड्या घट्ट डब्यांत भराव्यात. तूरडाळीला एरंडेलाचे बोट फिरवणे आणि डब्यात सुकलेला कडुनिंबाचा पाला घालणे या जुन्या रीती निरुपद्रवी आहेत आणि काही अंशी उपयोगीही. ऊन मिळत नसेल, आणि उंच इमारतीत पुष्कळांना ते मिळत नाही, तर रवा, कणीक आणि डाळ यांच्या पिशव्या घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. उणे अठरा अंशांपर्यंत जाणाऱ्या फ्रीजरमध्ये किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरते.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबे उघडून पाहावेत. तांदळाची मूठ घेऊन सोडली तर दाणे सुटे पडले पाहिजेत. ते चिकटून पडले, झाकणाच्या कडेला बारीक जाळी दिसली किंवा कुबट वास आला, तर तो डबा त्याच दिवशी रिकामा करावा. सोंडे किंवा टोके झालेले धान्य चाळून, वाळवून वापरता येते. बुरशी आलेले नाही. डबे जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत, कारण पावसात भिंतीला ओल येते. मोठ्या पिंपापेक्षा दोन-तीन किलोंचे अनेक डबे बरे, म्हणजे एकात कीड झाली तरी बाकीचे वाचतात. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख चिकटवावी आणि नवे सामान मागे, जुने पुढे ठेवावे. हा साठा गणपतीच्या मखरासारखा वर्षाला एकदा काढायचा नसतो, महिन्याच्या स्वयंपाकात तो वापरायचा आणि वापरला तेवढा पुन्हा भरायचा असतो. जे पदार्थ आपली मुले एरवी खात नाहीत, ते संकटाच्या दिवशी खातील अशी आशा धरू नये. एखाद्या शनिवारी रात्रीचे जेवण चुलीशिवाय, फक्त त्या कप्प्यातले करून पाहावे. धाकटा काय नाकारतो ते तेव्हाच कळेल.

सासूबाईंसाठी थोडा वेगळा विचार हवा. नुसते पोहे, कुरमुरे, खजूर आणि चिक्की यांनी त्यांची साखर चढेल, म्हणून त्यांच्या वाट्यात फुटाणे, दाणे आणि मुगाचे प्रमाण जास्त ठेवावे, आणि पापड, लोणचे, सांडगी मिरची जपून द्यावी. उलट बाजूही लक्षात असू द्यावी: मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकले तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी आणि मग खायला द्यावे. त्यांच्या औषधांचा किमान पंधरा दिवसांचा जादा साठा, आणि गोंधळाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या याची डॉक्टरांकडून लिहून घेतलेली सूचना, ही त्याच कप्प्यात ठेवावी. जलसंजीवनीची चारपाच पाकिटेही तिथेच. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण काटेकोरपणे पाळावे. मीठ अंदाजाने घालू नये.

वीज गेल्यावर फ्रिजचे काय, हे थोडक्यात. दार उघडले नाही तर आतील गारवा साधारण चार तास टिकतो, त्यामुळे आत काय आहे हे पाहण्यासाठी घरातील प्रत्येकाने दार उघडू नये. पहिल्या दिवशी आधी फ्रिजमधले दूध, शिजवलेल्या भाज्या आणि भात संपवावा, नंतर कोरड्या साठ्याला हात लावावा. दुपारचा भात जुलैच्या हवेत रात्रीपर्यंत बाहेर ठेवून फोडणीला टाकण्याची सवय या दिवसांत सोडावी. भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष परतल्याने जात नाही. पाइपने येणारा गॅस घरातील विजेवर चालत नाही, पण आपण फक्त इंडक्शन शेगडी वापरत असाल तर एक साधी गॅसची शेगडी जवळ असावी. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत पेटवू नये. तिच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. चौदाव्या मजल्यावर पुराचे पाणी येणार नाही, पण आपले कोणी नातलग तळमजल्यावर राहत असतील तर त्यांना सांगावे की, पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, भाजी, बाटलीबंद पेये, सगळे टाकून द्यायचे असते. त्या पाण्यात गटाराची घाण आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते.

खरेदी एकदम करू नये. या महिन्याच्या यादीत दोन किलो मूगडाळ, एक किलो मसूरडाळ आणि फुटाणे वाढवावेत. पुढच्या महिन्यात दूध पावडर, कुळथाची पिठी आणि सातूचे पीठ. पाण्याचे जार मात्र याच आठवड्यात. जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या दाणाबाजारात घाऊक दर मिळतो म्हणून शेजारच्या दोनचार घरांनी मिळून पोते आणून वाटून घेणे परवडते, आणि आपल्याच मजल्यावर कोणाकडे काय आहे हेही त्यानिमित्ताने माहीत होते. यजमानांनी बादली अजून मागवलेली नसेल तर त्या पैशांतून घट्ट झाकणांचे स्टीलचे डबे आणि तीन जार घ्यावेत. मागवलीच असेल आणि परत करता येत नसेल, तर ती फोडून रोजच्या जेवणात संपवावी, आणि संपेपर्यंत दुसरी घेऊ नये.